खडकवस्तीची जीप आणि काचेचे तीन फ्यूज

हुकूम आला तेव्हा मी वर्कशॉपात एका ट्रकच्या पोटाखाली उताणा पडलो होतो. सिव्हिल एड, दुष्काळी भागात पाणीवाटप, जिल्हा लातूर, असं सुभेदार साहेबांनी वाचून दाखवलं. लातूर ऐकल्याबरोबर मी इतक्या झटक्याने उठलो की डोकं चासीवर आपटलं. त्या ट्रकच्या चासीला अजून पोचा असेल. माझ्या डोक्याला काही झालं नाही.

मी चाकूरचा, भीमनगरातला. हवालदार गायकवाड, ट्रेड ऑटो इलेक्ट्रिशियन. फौजेने मला वाळूत लोळवलं, बर्फात गाडलं, पण गावाकडे ड्युटीवर पाठवायची तिची ही पहिलीच वेळ. निघायच्या आदल्या दिवशी लंगरात जेवताना मी सगळ्यांना सांगितलं की लातूर हा नवाकोरा जिल्हा आहे, कलेक्टर कचेरीच्या पाटीवरचा रंग अजून ओला आहे आणि मी गेल्याशिवाय जिल्हा नीट सुरू होत नाही म्हणून मला खास बोलावलंय. यातला पाटीचा भाग बराचसा खरा होता.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. माझ्या बोलण्यात मीठ जरा जास्त पडतं, अहमदपूरच्या स्टँडवर कुणालाही विचारा. मी अजगर सांगितला तर तुम्ही गांडूळ समजायचं. पण वायरिंगच्या बाबतीत मी आजवर एक शब्द खोटा बोललेलो नाही. तिथं खोटं बोललं की धूर निघतो.

आमचा कॅम्प अहमदपूरच्या बाहेर, एका शाळेच्या मैदानावर लागला. दिनक्रम ठरलेला. उजाडायच्या आत फॉल-इन, मग गाड्यांची तपासणी, मग विहिरीवर टाक्या भरायच्या आणि आपापल्या रूटवर निघायचं. दुपारी परत, पुन्हा भरणं, पुन्हा निघणं. ऊन असं होतं की कावळे उडायचं सोडून रस्त्याच्या कडेने चालत जायचे. लिंबाची सावलीसुद्धा बुंध्याला पाठ टेकून उभी असायची. चाकूर तिथून जवळ, पण मी पहिले कित्येक दिवस घरी गेलो नाही. गेलो असतो तर आईने पाण्याचा तांब्या पुढे केला असता, आणि तो तांब्या तिने किती लांबून आणला असता ते मला माहीत होतं.

मोठे टँकर डांबरी रस्त्यावरच्या गावांना जायचे. खडकवस्तीला मात्र टँकर चढत नव्हता. ती टेकडीवर, आणि वाट म्हणजे नुसता दगडगोट्यांचा ओढा. तिथं फक्त एक जीप जायची, मागे पाण्याचा ट्रेलर लावून. ड्रायव्हर लान्स नायक शेख बाबू, राहणार नांदेड. त्याचे वडील जुन्या शहरात ऑटोरिक्षांच्या सीटा शिवायचे. बाबू माणसांशी कमी आणि गाडीशी जास्त बोलायचा. मला उस्ताद म्हणायचा. त्यात आदर किती आणि टवाळी किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझी कुठलीही गोष्ट संपली की तो शांतपणे विचारायचा, "उस्ताद, इसमें से घर को कितना ले जाऊँ?"

पहिल्याच आठवड्यात त्या जीपच्या रेडिएटरचा पंखा तुटला. हब गेला, पातीही गेली. नवा पार्ट डेपोतून मागवला. तो येईपर्यंत जीपला नातवंडं झाली असती.

ज्यांनी गाडीचं बॉनेट कधी उघडलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इंजिनाची उष्णता पाणी उचलतं, ते पाणी रेडिएटरात येऊन गार होतं. सपाट रस्त्यावर वाऱ्यानेच काम भागतं. चढावर गाडी पहिल्या गिअरमध्ये मुंगीसारखी चालते, वारा लागत नाही, तिथं पंखाच लागतो. पंखा नसला की पाणी उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. मग थांबा, गाडी गार करा, नवं पाणी ओता.

नवं पाणी होतं कुठं? मागच्या ट्रेलरमध्ये. जे पाणी खडकवस्तीला द्यायचं तेच जीप वाटेत पिऊन टाकायची. वर पोहोचल्यावरही परतीच्या तयारीसाठी पहिली कळशी तिच्याच तोंडात जायची. घागरी घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बाया हे बघत असायच्या. रांगेत सगळ्यात पुढे मुक्ताबाई नावाची म्हातारी असायची. तिचा नवरा खाटेला खिळलेला, पोरं ऊसतोडीला गेलेली. एके दिवशी बाबू रेडिएटरात कळशी रिकामी करत होता तेव्हा ती म्हणाली,

"पिऊ दे बाबा तिला. चढ चढून तिलाबी तहान लागली आसंल. पर आमच्यासाठी ठिव जरा."

बाबूने कळशी खाली ठेवली. त्या दिवशी परतताना तो गाडीशीही बोलला नाही.

कॅप्टन साहेबांनी हिशोब केला. निम्मं पाणी वाटेतच जात असेल तर ती फेरी बंद करायची, वस्तीच्या लोकांनी टेकडी उतरून पायथ्याला येऊन पाणी न्यायचं. चुकीचं काही नव्हतं त्यात. पण मुक्ताबाईला टेकडी उतरता येत नव्हती आणि उतरली असती तर भरली घागर घेऊन चढता आलं नसतं. मी साहेबांसमोर सावधान उभा राहिलो आणि म्हणालो, या जीपला विजेचा पंखा लावतो. साहेबांनी विचारलं, पहले कभी लगाया है? मी सांगितलं, साब, मी रणगाड्याला लावलाय. साहेबांनी रूटचा नकाशा पुढे ओढला. मग म्हणाले, आठवड्याभरात ट्रायल. वाटेत उकळली तर फेरी बंद.

दुसऱ्या दिवशी बाबू आणि मी नांदेडला भंगार बाजारात. बाबूच्या वडिलांच्या ओळखीचा एक भंगारवाला होता. त्याच्याकडे कुणा जहागीरदाराच्या नातवाने मुंबईहून आणलेली आणि इथल्या उन्हात दम तोडलेली परदेशी मोटार पडली होती. तिचा विजेचा पंखा शाबूत निघाला. पंख्याला चालू-बंद करणारा रिले मिळाला. पाणी तापलं की आपोआप जोडणारा आणि निवलं की तोडणारा उष्णतेचा स्विचही मिळाला. मिळाला नाही तो फ्यूज. भंगारवाला म्हणाला, तांब्याची तार लपेट लो, सब लपेटते.

खरंच सगळेच लपेटतात. फ्यूज म्हणजे काचेच्या नळीतली एक बारीक तार. पंखा अडकला, कुठं तार घासून उघडी पडली, की करंट भसाभस वाढतो. तेव्हा ही तार आधी वितळते आणि सगळं बंद पाडते. तिच्या जागी जाडी तांब्याची तार बांधली तर ती वितळत नाही. मग वायर तापते, आवरण पेटतं, शेजारी पेट्रोलचा पाइप असतो. मी बाबूला म्हणालो, फ्यूज नाही तर पंखा नाही. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. मला चहाच्या दुकानात बसवून तो गेला.

रेडिओवाल्यांकडचे फ्यूज नाजूक निघाले. गाड्यांच्या दुकानात संपले होते. शेवटी त्याला एक लाउडस्पीकरवाला भेटला. त्या साली लग्नं निम्म्यावर आली होती, त्याचे भोंगे छतापर्यंत रचलेले होते. बॅटरीवर चालणाऱ्या त्याच्या मोठ्या मशीनचे काचेचे फ्यूज आम्हाला हव्या त्याच मापाचे होते. त्याने तीन दिले आणि कशासाठी हवेत ते ऐकून पैसे घेतले नाहीत. बाबू परत आला आणि तीन नळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या. म्हणाला, "एक गाडी का, एक स्पेअर, एक मेरा."

मी विचारलं, तुला कशाला?

"तेरी वायरिंग पे भरोसा है उस्ताद. तेरे पे नै."

जोडणी मी तशीच केली जशी ट्रेनिंगला शिकवली होती. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. पंखा रेडिएटरच्या पुढच्या बाजूला, जाळीच्या मागे घट्ट बसवला. हाताने फिरवून बघितला, कुठं घासत नाही ना. पंखा किती करंट खातो ते मीटर लावून मोजलं. वायर त्याहून बरीच जाड घेतली, आणि फ्यूज पंख्याच्या भुकेहून थोडा वरचा पण वायरीच्या ताकदीहून खालचा. तो फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवला. लांब बसवला तर बॅटरी ते फ्यूज एवढी वायर वाऱ्यावरच राहते. सगळा भार रिलेमधून नेला, कारण तो बारका स्विच एवढा करंट सहन करत नाही. वायर जिथं पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबर घातलं. अर्थिंगची तार रंग खरवडून उघड्या लोखंडावर कसली. बॅटरीची तार सगळ्यात शेवटी जोडली.

आणि एक गोष्ट मुद्दाम केली. पंखा चावीवर ठेवला नाही, थेट बॅटरीवर ठेवला. चढ चढून गाडी बंद केली की इंजिनातली उष्णता काही वेळ वाढतच राहते. तेव्हाही पंखा फिरायला हवा. म्हणजे इंजिन बंद, चावी ड्रायव्हरच्या खिशात, आणि तरी पंखा मनाला येईल तेव्हा सुरू होणार. म्हणून मी जाळीवर पांढऱ्या रंगाने लिहिलं: पंखा आपोआप फिरतो, हात घालू नये. अक्षर इतकं सुंदर आलं की सुभेदार साहेबांनी कॅम्पच्या संडासाची पाटीही माझ्याकडूनच लिहून घेतली.

ट्रायलच्या दिवशी ट्रेलर काठोकाठ भरला. मी बाबूच्या शेजारी वायरलेस सेट घेऊन बसलो. अर्ध्या चढावर काटा वर सरकायला लागला, आणि समोर घर्रर्र करून पंखा सुरू झाला. काटा थांबला. सेट खरखरला.

"चार्ली टू, पोझिशन. ओव्हर."

"आधे चढाव पर, साब. ओव्हर."

"गाडी ने कितना पानी पिया? ओव्हर."

"एक बूँद नहीं. ओव्हर."

साहेब म्हणाले, "रिपीट. ओव्हर."

मी दोनदा रिपीट केलं. दुसऱ्यांदा कुणी सांगितलं नव्हतं.

वर पोहोचलो. बाबूने इंजिन बंद केलं, दोघे ट्रेलरच्या नळाशी गेलो. रांगेतल्या बायांच्या लक्षात आलं की आज कुणी बॉनेट उघडलं नाही, पहिली कळशी गाडीला गेली नाही. पहिली घागर मुक्ताबाईची भरली. ती भरलेली घागर तिने खाली ठेवली आणि घराकडे गेली. परत आली ती हळदकुंकू, निरांजन आणि हार घेऊन. गाडीची पूजा करायची होती.

मी सांगायला गेलो की आजी, मी बौद्ध, हा मुसलमान, आमच्यात पूजा चालत नाही. ती म्हणाली, "तुमची कोन करतंय? मी हिची करायलेय." जीपच्या धर्माबद्दल आर्मी रेकॉर्डमध्ये काही नोंद नसल्याने मी बाजूला झालो.

फुलं तर कुठंच नव्हती. हार तिने कधीचा करून ठेवलेला असावा. जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्यांची फुलं, खताच्या पोत्याच्या नायलॉन दोरीत ओवलेली. मला तो फार आवडला. आम्ही पुन्हा नळाशी गेलो. माझी पाठ गाडीकडे होती.

हार नुसता अडकवला तर वाऱ्याने पडेल असं तिला वाटलं, हे तिने नंतर सांगितलं. म्हणून तिने दोरीची दोन्ही टोकं जाळीच्या पट्ट्यांतून आत घातली आणि मागून गाठ मारायला हात मनगटापर्यंत आत सरकवला. दोरीचा एक वेढा मनगटाला. पाटीवरचं माझं सुंदर अक्षर तिच्या नाकासमोर होतं, पण तिला वाचता येत नव्हतं.

पंखा सुरू झाला.

मला आवाज आला. वळेपर्यंत बाबू तिथं होता. तो नळापासून गाडीपर्यंत कसा गेला ते मी बघितलं नाही, आणि मी पाहिलेलं नसताना रंगवून सांगत नाही असा हा एकच प्रसंग. पात्यांनी दोरीचं टोक पकडलं होतं. दोरी पंख्याच्या दांड्यावर गुंडाळली जात होती आणि म्हातारीचा हात आत ओढला जात होता. बाबूने शेजारच्या फटीतून हात घालून ती दोरी पंखा आणि तिचं मनगट यांच्या मधे मुठीत धरली. पंख्याची सगळी ओढ आता त्याच्या मुठीवर. नायलॉन तळहातात रुतला. तो ओरडला नाही. म्हातारीही ओरडली नाही, तिला अजून कळलंच नव्हतं. पंखा अडकून गुरगुरायला लागला.

मी बॉनेटकडे धावलो. पण मी पोहोचायच्या आत गुरगुर थांबली. एक माणूस श्वास घेऊन सोडेल तेवढाच वेळ. फ्यूज गेला होता. दोरी सैल पडली.

तिथं तांब्याची तार लपेटलेली असती तर पंखा ओढतच राहिला असता. किती वेळ, ते मी कुणाला सांगत नाही. इथं मला मीठ घालवत नाही.

आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली. मग ब्लेडने दोरी कापली आणि म्हातारीचा हात बाहेर घेतला. एक ओरखडा आणि दोन फुटलेल्या बांगड्या. बाबूच्या तळहातावर मात्र आडवी चीर पडली होती. मुक्ताबाईने पदर फाडून त्याचा हात बांधला आणि निरांजनातली हळद लावली असं मी पुढे सगळीकडे सांगितलं. हळद ताटलीतली होती.

सेट खरखरला. "चार्ली टू, देरी क्यों? ओव्हर."

बाबूने चांगल्या हाताने सेट घेतला. "गाडी को हार पहनाया, साब. ओव्हर."

पंख्यात गुंडाळलेली दोरी मी चिमट्याने एकेक धागा काढून साफ केली. पाती हाताने फिरवली, मोकळी होती. दुसरा फ्यूज लावला, बॅटरी जोडली. पंखा फिरला. मग मी म्हणालो की याच्यापुढे एक बारीक जाळी हवी, म्हणजे बोटही आत जाणार नाही आणि वाराही अडणार नाही. कॅम्पात तसं काही नव्हतं. मुक्ताबाई घरात गेली आणि ज्वारी चाळायची लोखंडी चाळण घेऊन आली.

मी म्हणालो, आजी, घरात लागेल की.

"काय चाळू हिच्यात? घिऊन जा."

ती चाळण मी पंख्यापुढे बसवली. पाऊस पडेपर्यंत जीप रोज चढली. फेरी बंद झाली नाही. हार पुढेही यायचे, ते बाबू घ्यायचा आणि आत आरशाला बांधायचा. आरसा इतका भरला की मागचं काही दिसेना, पण त्या वाटेवर मागून येणारं दुसरं कुणी नव्हतंच.

तिसरा फ्यूज बाबूने काळ्या दोऱ्यात गुंडाळून गळ्यात घातला. मी त्याला म्हणालो, अरे तो गाडीत ठेव. तो म्हणाला, गाडी बदलती उस्ताद, गला नै बदलता.

नंतरच्या वर्षी आमचं युनिट उत्तरेला गेलं. बर्फाचा रस्ता, एका बाजूला कडा. सकाळी रसदेचा कॉन्व्हॉय निघाला, बाबूची गाडी पुढून दुसरी. वळणावर रस्त्याची कड सुटली. गाडी वायरिंगने गेली नाही, ब्रेकने गेली नाही, ड्रायव्हरच्या चुकीने गेली नाही. मी स्वतः खाली उतरून तपासली. रस्ताच गेला. लान्स नायक शेख बाबू जागीच शहीद झाला. त्याच्या तळहातावर ती आडवी रेघ होती.

त्याचं सामान घेऊन नांदेडला मी गेलो. सीटा शिवायचं मशीन बंद होतं, वडील उंबऱ्यावर बसले होते. बाबूच्या अम्मीने पेटी उघडली. कांबळं, दाढीचं सामान, लातूरच्या उन्हात काढलेला जीपसोबतचा फोटो. तळाला काळा दोरा. तिने तो उचलला.

"ये क्या है बेटा? ताबीज तो नै."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. रेल्वेत बसून सगळ्या वाटेत जुळवलं होतं. त्यात कॅप्टन साहेब होते, एक मोठी लढाई होती आणि ही नळी म्हणजे खास बक्षीस होतं. फार झकास जमलं होतं.

मी म्हणालो, "फ्यूज है अम्मी. गाडीच्या पंख्याचा. खडकवस्तीला एका म्हातारीचा हात वाचला तो असल्याच एका फ्यूजने आणि बाबूच्या मुठीने."

सुईचं नेढं बघावं तशी तिने ती नळी खिडकीच्या उजेडात धरली. आतली तार दिसली.

"ये जला नै?"

"नाही अम्मी. शाबूत आहे."

तिने दोरा नीट गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "तो फिर गाडी में लगा. घर में क्या करेगा ये."

पेन्शनवर आलो आणि जीप घेतली. अहमदपूर ते चाकूर उतारू वाहतो. पंखा विजेचा आहे, जोडणी तीच, पुढे चाळण. फ्यूजच्या डबीच्या झाकणाला आतून काळ्या दोऱ्याने ती नळी बांधलेली आहे, स्पेअर. अजून लावायची वेळ आलेली नाही.

स्टँडवर गाडी बंद करून मी चहा घेतो तेव्हा कधी कधी इंजिन बंद असताना पंखा आपोआप सुरू होतो. नवा उतारू दचकतो आणि विचारतो, हवालदार, गाडीत कोण बसलंय? मी प्रत्येकाला वेगळी गोष्ट सांगतो. कुणाला रणगाड्याची, कुणाला जहागीरदाराची. नाव मात्र सगळ्यांना एकच सांगतो. लान्स नायक शेख बाबू, नांदेड.